वर्कशॉपच्या मॅडम

मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघत. घरचे लोक "बसा, बसा" करत राहायचे आणि मॅडम पाठीला धरून खुर्ची डुगडुगवत उभ्या. जरा आवाज आला की खुर्ची उलटी. पर्समध्ये आखूड पेचकस कायम असायचाच. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंच्या मुलीचा साखरपुडा होता, तेव्हा तर त्यांनी नवऱ्या मुलाच्या आत्याला उठवलं, तिच्या खुर्चीचे दोन स्क्रू आवळले आणि मग तिला हाताला धरून परत बसवलं. आत्याबाई जेवणापर्यंत फुगून होत्या. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. पडली असती तर तिलाच लागलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या गेल्या त्याला या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की लोकांना हे खुर्चीचे किस्से आठवतात. मीही तेच सांगते आणि थांबते. पुढचं सांगायचं तर त्यात माझंही नाव येतं.

आमची शाळा कोराडी रोडला. नुसती शाळा नाही, तांत्रिक शाळा. आठवीपासून आम्हाला ड्रॉइंग, सुतारकाम, फिटिंग, वायरिंग असे विषय असत, आणि मागच्या अंगाला पत्र्याचं मोठं वर्कशॉप होतं. बहुतेकांचे वडील वीज केंद्रात, कोणी कायम, कोणी ठेकेदाराकडे. माझे ठेकेदाराकडे होते. खिडकीत वही ठेवली की दुपारपर्यंत तिच्यावर राखेचा हलका थर यायचा. आम्ही त्यावर बोटाने नावं लिहायचो. मॅडम हुडकेश्वरहून दोन बस बदलून यायच्या, म्हणजे अख्खं शहर ओलांडून, आणि तरी पहिल्या तासाच्या अर्धा तास आधी वर्कशॉपचं कुलूप उघडलेलं असायचं. सुती साडी, वरून खाकी अ‍ॅप्रन, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. पदर कमरेला कागद अडकवायच्या दोन क्लिपांनी पक्का केलेला.

त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाली त्या वर्षी मॅडमनी आयटीआयला फिटरचा ट्रेड घेतला. वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच. नंतर कळमेश्वरच्या एमआयडीसीत पत्रा दाबणाऱ्या कारखान्यात सात वर्षं काढली. तिथल्या प्रेसच्या आवाजाने डाव्या कानाने ऐकू येणं कमी झालं होतं. पोरं मुद्दाम त्या बाजूला उभं राहून उशिराची कारणं सांगायची. मॅडम मान वळवून म्हणायच्या, "इकडून बोल गा. खोटं असलं तरी ऐकू तं येऊ दे."

शिकवण्याची त्यांची रीत सगळ्या शाळेहून वेगळी होती. आठवीचं वर्ष हत्यारं धरायला शिकण्यात जायचं. नववीला मात्र चौघांचा गट करायचा आणि वर्षभरात एकच वस्तू बनवायची. वस्तू कोणत्या तरी खऱ्या माणसासाठी हवी. पहिला प्रश्न "काय बनवणार" हा नसे, "कोणासाठी" हा असे. नाव सांगता आलं नाही तर गट परत पाठवायच्या. स्वतःच्या घरातलं माणूस चालत नसे, कारण घरचे लोक पोरांचं मन राखायला खोटं खोटं छान म्हणतात. माणूस ठरलं की एक आठवडा हत्याराला हात लावायचा नाही. त्या माणसाजवळ बसायचं आणि ते काम कसं करतं ते नुसतं लिहायचं. आमच्या आधीच्या वर्षी एका गटाने शाळेच्या पोर्चपासून वर्गांपर्यंत पोछा मारणाऱ्या मावशींसाठी चाकांची बादली-गाडी केली होती. गाडी सुरेख होती, पण मूठ पोरांनी स्वतःच्या उंचीने लावलेली. मावशी बुटक्या. मॅडमनी तीनदा मूठ कापायला लावली. तिसऱ्यांदा एक मुलगा रडकुंडीला आला आणि म्हणाला की ड्रॉइंगमध्ये तर बरोबर आहे. त्या म्हणाल्या, "माणूस ड्रॉइंगमधी उभा राह्यत नाही, बाबू."

तीच गाडी त्यांनी विज्ञान प्रदर्शनात नेली, न धुता, ओल्या पोछ्यासकट. आजूबाजूला थर्माकोलची धरणं आणि थर्माकोलचे ज्वालामुखी. परीक्षकांनी यामागचं वैज्ञानिक तत्त्व विचारलं तर मॅडमनी मावशींना पुढे केलं, हिलाच विचारा म्हणून. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. हेडमास्तर नाराज झाले. परतताना मॅडम बसमध्ये आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, थर्माकोलले वजन नसते, म्हणून त्याले लाजही नसते. हे वाक्य नंतर आमच्या शाळेत म्हणीसारखं झालं. कोणी बढाई मारली की पोरं नुसतं "थर्माकोल" म्हणायची.

आमच्या गटात मी, प्रणाली आणि दोन मुलं. मी गटप्रमुख. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला पुढे पुढे करायची हौस होती. माणूस मीच शोधला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारबा राहायचे. वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर त्यांची नोकरी झाली होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात सून आणि म्हातारबा. त्यांचे गुडघे गेले होते आणि संडास अंगणात, देशी बैठकीचा. उठताना ते नळाच्या पाइपला धरायचे. एक दिवस पाइपच हातात आला. सून म्हणाली की आता ते भीतीने पाणीच कमी पितात.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पाइप कसा निघाला ते दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, हेच काम घ्या.

आठवडाभर आम्ही शाळा सुटल्यावर त्यांच्या अंगणात बसलो. संडासात जाऊन बघता येत नव्हतं, म्हणून म्हातारबांनी कपड्यानिशी अंगणातच, पाटावर, बसून-उठून दाखवलं. आधी सुनेसमोर लाजले, मग हसायला लागले. मी वहीत लिहिलं: उजव्या हाताने धरतात, जमिनीपासून दोन फूट वर धरतात, उठायला तीन झटके लागतात. कोणत्या दिशेने ओढतात ते लिहिलं नाही. ते कोणालाच सुचलं नाही.

वस्तू साधी होती. भिंतीला लावायचा लोखंडी पाइपचा दांडा. दोन टोकांना चपटी लोखंडी पत्ती, दर पत्तीला दोन भोकं, असे चार स्क्रू. कापणं, घासणं, भोकं पाडणं आम्ही केलं, वेल्डिंग मॅडमनी. भिंत राखेच्या विटांची, चार इंची. भिंतीत भोकं पाडून त्यात प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकायच्या आणि गिट्टीत स्क्रू आवळायचे, म्हणजे पकड येते. दांड्याची ताकद बघायला आम्ही आधी वर्कशॉपमध्ये त्याला रेतीच्या दोन बादल्या दिवसभर टांगून ठेवल्या. दांडा हलला नाही. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या.

म्हातारबांच्या संडासात दांडा लावला तेव्हा चार स्क्रूंपैकी वरचा डावा पकडत नव्हता. ते भोक नेमकं दोन विटांच्या सांध्यात गेलं होतं. तिथला माल भुसभुशीत, गिट्टी आतल्या आत गोल फिरायची. शनिवारची दुपार होती आणि सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. बाकीचे तिघं पाणी प्यायला सुनेकडे गेले होते. मी डब्यातली पुट्टी बोटाने भोकात भरली, स्क्रू दाबून बसवला आणि वरून रंगाचा हात मारला. वाळल्यावर तो चौथा स्क्रू बाकी तिघांहून सुबक दिसत होता.

रविवारी मॅडम आल्या. दांडा धरून खाली दाबला, वर उचलला, हलवला. माझ्याकडे बघून विचारलं, "चारही घट्ट?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

सोमवारी परीक्षकांनी पाठ थोपटली. अकराव्या दिवशी म्हातारबा पडले.

मी शाळेतून येत होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती आणि चार माणसं त्यांना चादरीत उचलून आणत होती. म्हातारबा ओरडत नव्हते. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच आवाज येत नव्हता. सून मागून धावत होती, तिच्या पायात चपला नव्हत्या. मला पाहून ती थांबली आणि म्हणाली की तुमचा दांडा निघाला. एवढंच म्हणाली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आम्हा चौघांना घेऊन तिथे गेल्या. सून दवाखान्यात होती, शेजारणीने दार उघडून दिलं. संडासाच्या ओल्या फरशीवर मॅडम साडीसकट बसल्या. दांडा कोपऱ्यात पडला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि पत्त्या उलटसुलट करून पाहिल्या. मग भिंतीतली भोकं पाहिली. तीन भोकांतून गिट्ट्या अख्ख्या उपटून आल्या होत्या. चौथ्यात पांढरी पुट्टी होती. त्यांनी ती नखाने खरवडली, बोटावर घेऊन पाहिली आणि पदराला पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी मला तिथे उकिडवं बसायला सांगितलं, आपला हात पुढे केला आणि म्हणाल्या की याला धरून उठ. मी उठले. माझा हात त्यांचा हात खाली दाबत नव्हता, माझ्याकडे ओढत होता. भिंतीपासून दूर. प्रणाली रडायला लागली. आम्ही बादल्या खाली लटकवल्या होत्या आणि म्हातारबा दांडा बाहेर ओढत होते, रोज, तीन तीन झटके.

शाळेत गोंधळ झाला. संस्थेचे एक सदस्य आले. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. मॅडम वाचाव्यात असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी कागद पुढे केला आणि सुचवलं की मुलांनी हा दांडा परवानगीशिवाय, आपल्या मनाने लावला असं लिहून द्या, म्हणजे विषय मिटेल. आम्ही चौघं दाराबाहेर उभे होतो. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. आतून मॅडमचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरा मोठा. "परवानगी मी देली. तपासली मी. सही माह्यी हाय. पोराईचं नाव यात कुठंच येणार नाही."

तेव्हा आत जायला हवं होतं. माझा हात दाराला लागलाही होता. मी तो मागे घेतला.

त्या महिन्यात वर्कशॉपला कुलूप लागलं. नववीचे प्रकल्प बंद झाले. मॅडमकडे फळ्यावरचं ड्रॉइंग आणि शाळेच्या मोडक्या सामानाची यादी ठेवण्याचं काम आलं. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे वर्कशॉपची किल्ली परत आली नाही. काही वर्षांनी लेथ मशीन भंगारात गेली आणि त्या पत्र्याच्या खोलीत कम्प्युटर लॅब झाली. मॅडम व्हरांड्यातून जाताना त्या बाजूला बघायच्या नाहीत, असं मावशी सांगायच्या.

पण शाळा सुटली की त्या घरी जात नव्हत्या. रोज दवाखान्यात जायच्या. म्हातारबांच्या खाटेशी अर्धा तास उभ्या राहायच्या. बसत नसत. सुनेने पहिले कित्येक दिवस त्यांच्याशी शब्द काढला नाही. त्या डबा ठेवायच्या, ती डबा तसाच परत करायची. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा डबा आणायच्या.

एक दिवस मी त्यांच्यासोबत गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच बसमध्ये चढले. त्यांच्या उजव्या बाजूची जागा रिकामी होती, तिथे बसले. बस शहरात शिरेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून होते. मग म्हटलं, मॅडम, तो चौथा स्क्रू मी पुट्टीने बसवला होता.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पुट्टी काही आपोआप भोकात जात नाही."

मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं काहून नाही?

 कंडक्टर येऊन गेला. मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "ऐक वं. चौथा घट्ट असता तरी दांडा निघालाच असता. दहा दिवस उशिरा निघाला असता. बाहेर ओढून पाह्यलं नाही, ते माह्यं चुकलं. मी मोठी होती, मले समजाले पाह्यजे होतं. खोटं बोलली, ते तुह्यं. माह्यं तुह्यात मिसळू नको अन् तुह्यं माह्यात नको."

मी रडत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. मी आतल्या आत त्याची वाट पाहत होते, हे मला आज कबूल करावंसं वाटतं.

"अन् मले सांगून काय होते?" त्या म्हणाल्या. "मी थोडी पडली."

दवाखान्यात पोचल्यावर त्या वॉर्डच्या दाराशी थांबल्या आणि मला एकटीला पुढे जाऊ दिलं. म्हातारबांच्या पायाला वजन बांधलेलं होतं. सून खालच्या चटईवर बसली होती. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. भोक, पुट्टी, रंग, आणि "हो मॅडम" म्हटलं ते. सुनेने हातातला तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. म्हातारबा छताकडे पाहत होते. ते म्हणाले की पट्ट्यावर नोकरीला होतो तेव्हा पट्ट्याच्या चाकांवरच्या जाळीचा एक बोल्ट कोणी तरी ढिला सोडला होता. एका माणसाचा हात गेला. बोल्ट कोणी सोडला ते शेवटपर्यंत कोणी बोललं नाही. मग मान माझ्याकडे वळवली.

"माफ केलं म्हणत नाही, पोरी. अजून दुखून राह्यलं. पण तू बोलली, हे बरं केलं."

म्हातारबा घरी आले ते वॉकर घेऊन. डॉक्टरांनी सांगितलं की बैठकीचा संडास आता विसरा. मुलाने सुट्टी काढून त्यावर खुर्चीसारखं उंच भांडं बसवून घेतलं. पण त्यावरूनही उठताना हाताला काही तरी हवंच होतं, आणि म्हातारबांनी स्वतःच निरोप पाठवला की दांडा लावून द्या. सून विरोधात होती. ती म्हणाली, ह्या बाईचं पाऊल माझ्या अंगणात नको. मॅडमना हे कळलं. रविवारी त्या आल्या आणि अंगणाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. आत गेल्या नाहीत. दोन तास बसून परत गेल्या. पुढच्या रविवारी तसंच. ऊन चढलं होतं. तिसऱ्या रविवारी सुनेने पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, आधी मला सांगा, ह्या वेळी काय वेगळं करणार?

मॅडमनी दगडावर बसल्या बसल्या काडीने मातीत आकृती काढून तिला समजावलं. स्क्रू नाही, भिंतीच्या आरपार बोल्ट. बाहेरच्या अंगाला जाड पत्ती आणि नट. दांड्याला एक पाय खाली फरशीपर्यंत. सुनेने तीन-चार प्रश्न विचारले. इतके नेमके प्रश्न परीक्षकांनीसुद्धा विचारले नव्हते. मॅडमचा चेहरा त्या महिन्यांत पहिल्यांदाच जरा उजळलेला मी पाहिला.

शाळेला यात काही कळवलं नाही. हत्यारं मॅडमची स्वतःची होती. आम्ही चौघं आणि त्या, दोन रविवार. बोल्ट मी आवळले, चारही. तपासायची वेळ आली तेव्हा मॅडमनी बूट काढले, दोन्ही हातांनी दांडा धरला, पाय भिंतीला टेकवले आणि अंग मागे झोकून दिलं. पन्नाशीतली, अंगाने भरलेली बाई, अ‍ॅप्रनमध्ये, त्या अरुंद खोलीत दांड्याला लोंबकळत होती, आणि प्रत्येक झटक्याला मोठ्याने आकडा म्हणत होती. शंभर झाले तेव्हा त्यांच्या तळहातांना लाल वळ उठले होते. मग आमची पाळी. मग त्यांनी सुनेला बोलावलं. ती आधी नको म्हणाली. मग पदर खोचून आत गेली आणि इतक्या जोराने ओढलं की आम्हालाच भीती वाटली. तिने किती वेळा ओढलं ते मोजलं नाही. त्यात बराचसा राग होता. मॅडम दाराशी उभ्या राहून शांतपणे पाहत होत्या. तिचं होईपर्यंत थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारबा वॉकर टेकत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही अंगणात उभे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. ते घामाघूम झाले होते.  मला म्हणाले, "महिन्याच्या महिन्याले येत जाय. बोल्ट पाह्यले."

मी जात राहिले. दहावी झाली, पॉलिटेक्निक झालं. दर महिन्याला पाना घेऊन जायचं, चारही नट बाहेरून बघायचे, आत जाऊन दांडा स्वतःकडे ओढायचा. म्हातारबा पुढे चार वर्षं होते. ते गेल्यावर मला वाटलं, आता काम संपलं. दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि सुनेला विचारलं की दांडा काढून देऊ का, भिंत मोकळी होईल.

ती तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "राहू दे. आता माह्येही गुडघे दुखून राह्यले. तू येत जाय."